ठिय्यावरची बाई कोणाच्या यादीत?

एका आकड्यापासून सुरुवात करू. 2016 मध्ये वॉक फ्री नावाच्या ऑस्ट्रेलियन संस्थेनं जगभरातल्या 'आधुनिक गुलामां'ची, म्हणजे बळजबरीनं किंवा फसवून राबवल्या जाणाऱ्या माणसांची, मोजदाद जाहीर केली आणि त्यात भारताच्या नावावर टाकले 1 कोटी 83 लाख लोक. मग 2018 मध्ये त्याच संस्थेचा पुढचा आकडा आला, 80 लाख. म्हणजे दोन वर्षांत एक कोटी माणसं गुलामीतून सुटली आणि कोणाला पत्ताच नाही बाप्पा, ना कुठं पेढे वाटले ना बातमी आली. 2023 मध्ये परत 1 कोटी 10 लाख. आता खरं म्हणजे मधल्या काळात एवढी माणसं सुटलीही नाहीत आणि अडकलीही नाहीत, मोजायची पद्धत बदलली, सर्व्हेचं गणित बदललं, बस. जुन्या आकड्याची नव्याशी तुलना करू नका असं संस्थेनं स्वतःच लिहून ठेवलं होतं, पण तो बारीक टाइप वाचतो कोण, हेडलाइन व्हॉट्सॲपवर फिरून गेलेली असते.

आपला आजचा व्हिडिओ या आकड्यांवर नाही. हे आकडे ज्यांच्या नावानं फिरतात, त्या माणसांवर आहे.

(दृश्य: सकाळ, नागपुरातला एक चौक, ठिय्यावर जमलेले मजूर)

नागपुरात राहता तर तुम्ही हे रोज पाहता. सकाळी साडेसात-आठला चौकात दोन-तीनशे माणसं उभी, कोणाच्या हातात थापी, कोणाजवळ ब्रश, बायांच्या हातात डब्याची पिशवी आणि बाजूला टपरीवर तर्री-पोहे. हा ठिय्या. कोणी गाडी थांबवतं, काच खाली होते, 'दोन रेजा, एक मिस्त्री' (रेजा म्हणजे बाई मजूर), आणि गाडीभोवती गराडा. दहा वाजेपर्यंत ज्याला काम लागलं ते गेलं, ज्याला नाही लागलं ते घरी. इथं भंडाऱ्या-गोंदियाचे लोक आहेत, बालाघाट-सिवनीचे आहेत, छत्तीसगडचे तर पिढ्यान् पिढ्या आहेत, कोरब्याहून निघणारी शिवनाथ एक्स्प्रेस इतवारीपर्यंत येतेच त्यांना घेऊन. या शहरातल्या निम्म्या बिल्डिंगींचं सिमेंट छत्तीसगडच्या बायांच्या डोक्यावरून चढलंय असं म्हटलं तर कोणाला राग येऊ नये.

तर हे सगळे मायग्रंट. आणि तिकडं नागपूर स्टेशनवर, जिथं दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई या दोन्ही मेन लाइन एकमेकींना भेटतात, तिथं आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची 'ऑपरेशन आहट' नावाची मोहीम आहे, 2022 पासून देशभर चालते. काम काय, तर गाडीतून कोणी मुलांना, बायांना फसवून घेऊन जात असेल तर ओळखायचं आणि उतरवायचं. चांगलंच काम आहे, कोणी नाही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की ओळखायचं कसं? ठेकेदारासोबत निघालेली दहा पोरं आणि दलालानं विकायला काढलेली दहा पोरं, जनरल डब्यात दोन्ही सारखीच बसलेली असतात, सारखीच घाबरलेली, आणि आधार कार्ड दोघांचंही दुसऱ्याच माणसाच्या खिशात.

चूक कशी होते याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं. मे 2023, दानापूर-पुणे एक्स्प्रेस. भुसावळ आणि मनमाडला 59 मुलांना उतरवलं, बिहारची मुलं, सोबत मदरशाचे लोक. मानवी तस्करीचा गुन्हा, पाच जणांना अटक, चार आठवडे आत. मुलं बारा दिवस बालगृहात. बातम्या तर तुम्ही पाहिल्याच असतील, लाल वर्तुळ काढून काढून. 2024 मध्ये पोलिसांनीच केस बंद करायचा रिपोर्ट दिला, गैरसमजातून गुन्हा दाखल झाला म्हणून. त्या बातमीला लाल वर्तुळ नव्हतं.

आता यावरून 'तस्करी-बिस्करी काही नसते' असं कोणी समजू नका. असते. पोरं पळवली जातात, मुली विकल्या जातात, वीटभट्टीवर उचलीच्या नावाखाली घरच्या घर अडकून पडतात. पण आपण जो चष्मा लावून तस्करी शोधतो त्यात काय दिसतं आणि काय दिसतच नाही, हा प्रश्न काही अभ्यासकांनी फार खोलात जाऊन विचारलाय आणि त्यातलं एक काम आपल्या मराठी माणसांबद्दलच आहे, तरी आपल्याकडं त्याची चर्चा जवळपास नाही.

(दृश्य: मुंबई, लोकल, उड्डाणपुलाखालचा नाका)

स्वाती शाह. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवतात. 2000 नंतरच्या वर्षांत त्यांनी मुंबईत फील्डवर्क केलं, त्याचं पुस्तक 2014 मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटी प्रेसनं काढलं, नाव 'स्ट्रीट कॉर्नर सीक्रेट्स'. विषय वेश्याव्यवसाय आणि स्थलांतर. या विषयावर रिसर्च म्हटलं की माणूस सरळ कामाठीपुऱ्यात जातो, शाहही गेल्या, पण त्या तिथंच थांबल्या नाहीत. त्यांनी तीन जागा एकत्र पाहिल्या. कामाठीपुऱ्यातली घरं, रस्ता आणि मजुरांचा नाका. म्हणजे आपला ठिय्या, मुंबईवाला.

आता नाका कशाला? हाच तर सगळा मुद्दा. नाक्यावर ज्या बाया बांधकामाच्या कामासाठी उभ्या असतात, त्यातल्या बऱ्याच मराठवाड्यातून, दुष्काळी गावांतून आलेल्या, दलित, आदिवासी, जमीन नाही किंवा असून नसल्यासारखी, पाणी नाही. गावात पाणी नाही ही गोष्ट शाह यांच्या कामात सारखी येते, कोणी 'मला फूस लावून आणलं' असं सांगायच्या आधी 'तिकडं पाणी नव्हतं' असं सांगतं. मुंबईत आल्यावर नाक्यावर उभं राहायचं, तर पुरुषांना काम आधी लागतं, बायांना उशिरा, आणि लागलं तरी रोजी कमी. महिन्यातले कितीतरी दिवस रिकामेच. मग यातल्या काही बाया, काही वेळा, नाक्यावरूनच दुसऱ्या कामासाठीही जातात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही, नाक्यावर तर अजिबातच नाही. कामाठीपुऱ्यात हेच उघड बोलता येतं, कारण तिथं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय की इथं काय चालतं.

शाह यांचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं, की 'वेश्या' नावाची एक वेगळी जात आणि 'मजूर' नावाची दुसरी, अशी भिंत प्रत्यक्षात नाहीये. तीच बाई, तेच पोट, तेच भाडं, आज रेतीचं घमेलं, उद्या घरकाम, कधी तिसरं काही. तिला फक्त 'विकली गेलेली' म्हणून पाहिलं की तिची मजुरी गायब होते, तिचं गाव गायब होतं, गावातलं पाणी गायब होतं, आणि उरतो फक्त एक दलाल, ज्याला पकडलं की पिक्चर संपला.

मला विचाराल तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. दलाल सोपा असतो. त्याचा फोटो निघतो, त्याच्या तोंडावर काळं कापड टाकून पोलीस स्टेशनसमोर उभं करता येतं. कमी रोजीचा फोटो कसा काढणार?

(दृश्य: दुबई, बांधकामाच्या साइटवरचे मजूर)

साधारण याच काळात दुसरीकडं पार्डिस महदवी नावाच्या इराणी-अमेरिकन अभ्यासक दुबईत फिरत होत्या. 2011 मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्यांनाही तेच दिसलं, फक्त जागा मोठी. जगभरातून तस्करी म्हणजे बाया आणि सेक्स एवढंच बोललं जात होतं, आणि त्याच शहरात बांधकामावर आशिया खंडातले पुरुष, घरात राबणाऱ्या मोलकरणी, यांचे पासपोर्ट मालकाजवळ, व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला, नोकरी सोडली की तुम्हीच बेकायदेशीर. त्याला तिकडं कफाला म्हणतात. त्या पुरुषांना तस्करीचे बळी म्हणायला कोणी तयार नव्हतं, आणि बायांना बळी म्हणायची एवढी घाई की त्यांना कामावर यायलाच बंदी घालायचे उपाय निघायचे. आपल्याकडंही आहेच ना, कमी शिकलेल्या बाईला घरकामासाठी आखातात जायचं तर वय 30 च्या वर पाहिजे. हेतू चांगला. पण पोटाला 30 वर्षांपर्यंत थांबा असं सांगता येत नाही, मग ती व्हिजिट व्हिसावर जाते, नेपाळमार्गे जाते, एजंटला डबल पैसे देऊन जाते, आणि सरकारी कागदावर ती कुठंच नसते. म्हणजे तस्करी थांबवायच्या नियमानंच एजंटचा धंदा वाढवला.

आता परत घरी येऊ, कारण नागपूरकरांना हे सगळं दूरचं वाटायचं काही कारण नाही.

(दृश्य: इतवारी परिसर, गंगा-जमुनाकडं जाणारा रस्ता, दुरून)

गंगा-जमुना. नाव घेतलं की नागपुरी माणूस एक तर हसतो नाही तर इकडंतिकडं पाहतो. फार जुनी वेश्यावस्ती, भोसलेकाळापासूनची असं सांगतात. ऑगस्ट 2021 मध्ये पोलिसांनी ही वस्ती बंद केली. कलम 144, रस्त्यांवर बॅरिकेड, गिऱ्हाईकांना आत बंदी. कारणं दिली ती अशी, की इथं अल्पवयीन मुली आणल्या जातात, आजूबाजूच्या रहिवाशांना त्रास आहे, आणि 1956 च्या पिटा, म्हणजे वेश्याव्यवसायासाठीची तस्करी रोखणाऱ्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागेपासून 200 मीटरच्या आत हा धंदा चालत नाही. यातलं एकही कारण हवेतलं नव्हतं. पण वस्तीतल्या बाया रस्त्यावर आल्या, नागपुरातल्या नेत्या ज्वाला धोटेंनी आंदोलन उचललं, पुन्हा पुन्हा निदर्शनं झाली. बायांचं म्हणणं साधं होतं, लॉकडाउननं आधीच उपाशी मारलंय, आता आम्ही जाऊ कुठं? आणि वस्तीच्या जागेवर कोणाकोणाचा डोळा आहे, हा आरोपही तेव्हा झालाच.

शाह यांच्या पुस्तकात शेवटाकडं एक प्रकरण आहे, कामाठीपुऱ्यातल्या सुटकेच्या धाडी आणि तिथल्या जमिनीचे भाव या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहणारं. नागपूरचं त्यात काही नाही, पुस्तक आलं तेव्हा गंगा-जमुनावर बॅरिकेडही नव्हते. पण नागपूरच्या माणसानं ते प्रकरण वाचावं, एवढंच म्हणतो.

आणि बॅरिकेड लावल्यावर त्या बायांचं काय होतं? धंदा बंद झाला म्हणून बाई मुक्त झाली असं होत नाही ना भाऊ. ती दुसऱ्या वस्तीत खोली घेते, फोनवर जाते, हायवेच्या ढाब्यावर जाते, जिथं ना बाजूच्या खोलीतली मैत्रीण आहे ना आरोग्याचं काम करणारी ताई. पूर्वी काही झालं तर ओरडल्यावर दहा जणी धावायच्या.

धाडीत सापडलेल्यांचं तर आणखीच. पिटा कायद्याच्या कलम 17 मध्ये मॅजिस्ट्रेटला त्या बाईला एक ते तीन वर्षांपर्यंत सुधारगृहात ठेवायचा अधिकार आहे. म्हणजे गुन्हा तिचा नाही, पीडित ती, आणि आतमध्ये तीच. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई हायकोर्टात अशीच केस आली, तीन सज्ञान तरुणी, वय विशीच्या आसपास, सुधारगृहात ठेवलेल्या. न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी त्यांना सोडायला सांगितलं आणि स्पष्ट लिहिलं की या कायद्यात वेश्याव्यवसाय हाच मुळात गुन्हा नाही, आणि सज्ञान बाईला आपलं काम निवडायचा हक्क आहे. मग 19 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, की मर्जीनं हे काम करणाऱ्या सज्ञान बायांना धाडीत अटक करू नका, छळू नका, आणि ज्यांना मर्जीविरुद्ध सुधारगृहात ठेवलंय त्यांचा सर्व्हे करून सोडा. सांगलीची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, या बायांचीच संघटना, 1996 पासून हेच सांगत होती. कोर्टापर्यंत आवाज जायला पाव शतक लागलं.

(दृश्य: परत ठिय्या, दुपार होत आलेली, काम न लागलेल्या बाया सावलीत)

आम्ही ठिय्यावर एका मावशीशी बोललो, चेहरा दाखवणार नाही, नाव पण नाही. तिला विचारलं, मावशी, तुम्हाला इथं कोणी आणलं? ती म्हणे, "कोणी आनलं म्हंजे? गाडीनं आली." मग हसली. जाऊबाई आधी आली होती, तिच्या मागं ही. ठेकेदार ओळखीचाच, गावाकडचा, त्यानं पैसे बुडवले, दोन हप्त्यांचा चुकारा गेला. पोलिसात गेल्या का? "पोलिसात काय म्हनू जी? मी कामाला गेलती याचा काय पुरावा हाय माह्याजवळ?"

बघा, या बाईची केस तस्करीत बसत नाही. तिला कोणी पळवलं नाही, कोंडलं नाही. पूर्वी आयपीसीचं कलम 370 होतं, 2013 मध्ये ते नव्यानं लिहिलं, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 143 आलं. त्यात बळजबरी, फसवणूक, आमिष असं काही तरी पाहिजे, आणि शोषणासाठी नेलेलं पाहिजे. मावशी स्वतः गाडीनं आली. मग ती कोणाच्या यादीत?

इथं एक जुनं प्रकरण सांगितलंच पाहिजे. घटनेचं कलम 23. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मसुदा झालेल्या आपल्या घटनेनं माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोन्हींवर एकाच कलमात, एकाच वाक्यात बंदी घातली. आपण नंतर दोन वेगळी खाती केली, तस्करी गेली पोलिसांकडं आणि मजुरी गेली लेबर ऑफिसला, आणि दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. 1982 मध्ये दिल्लीत एशियाडची तयारी चालली होती, स्टेडियम, फ्लायओव्हर, सगळं घाईघाईत. बाहेरगावचे मजूर. रोजी ठरलेली सव्वानऊ रुपये, त्यातला एक रुपया जमादार रोज कापायचा कमिशन म्हणून, आणि बायांना तर सातच रुपये द्यायचे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सनं नेलं. न्यायमूर्ती भगवतींनी जे लिहिलं ते आज वाचलं तरी दचकायला होतं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात कोणी काम करत असेल तर ते सक्तीचंच काम आहे, कारण भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच, बेड्या असल्याच पाहिजेत असं काही नाही.

हा निकाल धरला तर आपल्या ठिय्यावर आत्ता, या मिनिटाला, कलम 23 मोडलं जात असेल. धाड कोणावर टाकणार? मालकावर, ज्याच्या घराचा स्लॅब पडून राहिलाय? तो मालक तुम्ही-मीच असू शकतो, हे जरा अडचणीचं आहे. म्हणूनच कदाचित आपल्याला स्टेशनवरचा दलाल जास्त आवडतो.

आणि हे एकतर्फीही नाही. छत्तीसगडचे लोक नागपुरात येतात तसे चंद्रपूर-गडचिरोलीचे लोक तेलंगणात मिरची तोडायला जातात, दरवर्षी, टोळ्याच्या टोळ्या. 2020 च्या लॉकडाउनमध्ये ते सगळे तिकडं अडकले, आणि छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यातली एक 12 वर्षांची मुलगी तेलंगणातल्या मिरचीच्या शेतातून चालत निघाली आणि गाव जवळ आल्यावर वाटेत मेली. ती 'बालमजूर' होती, 'मायग्रंट' होती की 'तस्करीची बळी'? तिन्ही खात्यांकडं तिच्यासाठी कायदा होता. तिला चालावं लागलं, कारण पैसे आणि गाडी या दोन गोष्टी एकाही खात्यानं दिल्या नाहीत.

कायद्याचं बोलायचं तर 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित मजूर कायदा होता. पाच किंवा जास्त मजूर परराज्यातून आणणाऱ्या ठेकेदारानं नोंदणी करायची, जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं, विस्थापन भत्ता द्यायचा, पगाराच्या निम्मा. कागदावर फर्स्ट क्लास. प्रत्यक्षात किती ठेकेदारांनी तो भत्ता दिला असेल ते तुम्हीच ओळखा. आता नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात ही अट पाचवरून दहा मजुरांवर गेली, आणि विस्थापन भत्ता गेला. ठिय्यावरून दोन रेजा, एक मिस्त्री नेणारा माणूस जुन्या कायद्यातही नव्हता, नव्यातही नाही.

बांधकाम मजुरांचं कल्याणकारी मंडळ मात्र आहे आणि त्यात पैसा आहे, खूप पैसा, कारण मोठ्या बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस वसूल होतो, 1996 च्या कायद्यापासून. मुलांची स्कॉलरशिप, बाळंतपणाची मदत, अपघाताचे पैसे. मावशीला यातलं सगळं मिळू शकतं. फक्त नोंदणी पाहिजे आणि नोंदणीसाठी वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचं सर्टिफिकेट. ते द्यायचं ठेकेदारानं किंवा मालकानं, नाही तर गावात ग्रामसेवकानं, शहरात महापालिकेच्या माणसानं. मावशीचे 90 दिवस चाळीस वेगवेगळ्या मालकांकडं झालेले असतात, काहींची तर तिला नावंही माहीत नाहीत, आणि ज्यानं चुकारा बुडवला तो तर फोनच उचलत नाही. तिला आम्ही विचारलं, फॉर्म भरला का? भरला होता, म्हणाली, सहीसाठी अडलाय. पुढच्या सोमवारी परत जाणार आहे. त्या दिवसाची रोजी बुडणार ती वेगळी.